येंडभाऊ

दोंडाईच्याच्या मिरची बाजारात सकाळचा लिलाव सुरू व्हायचा असतो. ठसक्याने सगळ्यांची नाकं लाल झालेली असतात. तेवढ्यात मागून आवाज येतो, ‘‘बघा, ॲट द एंड ऑफ द डे भाव पडणारच आहे.’’ पोत्याला टेकून बसलेला शेतकरी एकदा सूर्याकडे बघतो आणि समजुतीच्या सुरात म्हणतो, ‘‘भो, आते ते सकाय शे!’’

हेच ते येंडभाऊ. खरं नाव रेशनकार्डावर आहे. गावाने ते तिथेच राहू दिलं.

असा एक गृहस्थ तुमच्याही गावात आहे, फक्त त्याचं वाक्य वेगळं असेल. येंडभाऊंचं लाडकं वाक्य हे. लग्नात अक्षता पडायच्या आत ते वरपित्याला सांगतात, ‘‘ॲट द एंड ऑफ द डे दोघं सुखी राहिले पाहिजेत.’’ सुरतेहून येणारी गाडी मध्यरात्र उलटल्यावर फलाटाला लागली, तेव्हाही उतरता उतरता त्यांनी हमालाला हेच ऐकवलं. दिवस संपून गेला होता हा तपशील त्यांनी मनावर घेतला नाही. सांत्वनाला गेले तर घरची माणसं त्यांना अगोदरच चहात गुंतवून ठेवतात.

चहाचीही एक गोष्ट आहे. जमिनीच्या दलालीत भागीदारी कराल का, असं एका व्यापाऱ्याने विचारलं. येंडभाऊ हसून म्हणाले, ‘‘दॅट्स नॉट माय कप ऑफ टी.’’ यजमानाने ओशाळून त्यांच्या हातातला कप काढून घेतला, शेजारच्याला दिला आणि आत ओरडून सांगितलं, ‘‘भाऊंचा चहा राहिला गं!’’ खानदेशी पाहुणचारापुढे इंग्रजांचा वाक्प्रचार किती टिकणार?

पावसाची पंचाईत निराळी. मांजरं-कुत्री पडण्याइतका पाऊस म्हणजे ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ हे त्यांना शाळेपासून पाठ. पण शिंदखेडा तालुका अवर्षणप्रवण. इथे आभाळ शिंकलं तरी लोक अंगणात येतात. वाक्य तयार, पाऊस नाही, अशी कित्येक वर्षं गेली. अखेर एका ऑगस्टात धो धो कोसळला. येंडभाऊंनी ओट्यावरून खणखणीत आवाजात वाक्य टाकलं. ऐकायला समोर एक म्हैस होती.

या वाक्प्रचाराचा लौकिक ज्या पुस्तकाने वाढवला, ते पुस्तकच येंडभाऊंवर आहे, असं म्हणता येईल. जोनाथन स्विफ्टने १७३८ साली सभ्य संभाषणाचा एक संग्रह छापला. त्याचा कल्पित कर्ता सायमन वॅगस्टाफ हा वह्या घेऊन प्रतिष्ठितांच्या बैठकांना हजर राहतो, त्यांची ठराविक वाक्यं टिपतो आणि तीच पाठ करून बोलावं असं गंभीरपणे सुचवतो. स्विफ्टने लंडनच्या बड्या लोकांची टर उडवली होती. म्हणजे उसन्या वाक्यांवर दिवस काढणारी मंडळी खुद्द इंग्रजांच्या घरातही होती. मग दोंडाईच्यातल्याच वहीवाल्याला का हसावं?

वही खरोखरच आहे, दोऱ्याने बांधलेली. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. येंडभाऊंच्या पिढीला एबीसीडी भेटली पाचवीत. पुढे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, मग रेन आणि मार्टिन, मग कपिलदेव ज्याची जाहिरात करायचा ते रॅपिडेक्स. व्याकरण त्यांचं आजही चोख. कर्मणी प्रयोग असा करतात की कर्त्याला पत्ता लागत नाही. या पुस्तकांत साहेब नेहमी पूर्ण वाक्यात बोलायचा आणि जे बोलायचा तेच त्याच्या मनात असायचं. गोची तिथे होती.

पदवीनंतर येंडभाऊ पुण्याला एका कंपनीत मुलाखतीला गेले. उत्तरं बरी झाली. शेवटी साहेब हात मिळवून म्हणाला, ‘‘वी विल गेट बॅक टू यू.’’ येंडभाऊंनी काळ ओळखला, भविष्यकाळ. कर्ता ओळखला, ‘वी’. वाक्य निर्दोष होतं. त्यांनी घरी येऊन सांगितलं, नोकरी झाल्यात जमा आहे. दुपारी पोस्टमन येतो म्हणून आईने दिवसभर घर उघडं ठेवायला लावलं, नात्यातल्या लग्नालाही दोघं आळीपाळीने गेले. पावसाळा गेला, मिरचीचा हंगाम आला, मग पुढचा पावसाळा. दुसरीकडे अर्ज टाकणं म्हणजे शब्द मोडणं, असं त्यांना वाटत होतं. साहेब नाही म्हणाला होता, हे कळलं तेव्हा वय निघून गेलं होतं. वही त्यानंतर सुरू झाली.

आता मुलाखतीला निघालेली पोरं बस पकडण्याआधी त्यांच्या ओट्यावर थांबतात. फी नाही, चहा उलट तेच पाजतात. ‘गेट बॅक’ म्हणाले तर दुसरा अर्ज त्याच रात्री टाकायचा. ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’ आलं की पाठोपाठ अपमान येतो, तोंड सरळ ठेवायचं. ‘लेट्स टेक इट ऑफलाइन’ म्हणजे चारचौघांत गप्प बस. हे कुठल्याच पाठमालेत नाही, आणि हे सांगताना येंडभाऊ आपलं लाडकं वाक्य एकदाही वापरत नाहीत.

गावातल्या एका पोरीला हिंजवडीत नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात तिचा उत्साहाने फोन आला, साहेब म्हणाले, ‘‘वी आर लाइक अ फॅमिली हिअर.’’

येंडभाऊंनी वही पुढ्यात ओढली. ‘‘फॅमिली म्हणाले का? मग वाटणीचं काय बोलले?’’