संतुलनराव

संतुलनराव जन्मापासून संतुलनराव नव्हते. रविवारी सोफ्यावर आडवं होऊन आधी सामना, मग त्याच सामन्याची क्षणचित्रं आणि मग त्यावर चार जाणकारांची चर्चा, असं सगळं बघणारे ते साधेसुधे गृहस्थ होते. मूल झालं आणि पाठोपाठ त्यांना तत्त्वं झाली.

हे गृहस्थ कोथरूडला असतात, ठाण्याला असतात, नाशिकलाही असतात. वय पस्तिशीच्या पुढेमागे, मूल तीन-साडेतीन वर्षांचं. यांना ओळखणं सोपं आहे. तुम्ही फक्त "काय म्हणतोय मुलगा?" एवढंच विचारा. "टीव्ही बघतो, पण बॅलन्स आहे," असं उत्तर आलं की समजायचं, हेच ते.

पहिली दोन वर्षं त्यांच्या घरी टीव्हीवर चादर होती. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, सेट बिघडलाय. एक दोघांनी तर दुरुस्तीवाल्याचा नंबरही दिला. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पडदा दाखवूच नये असं डॉक्टर सांगतात, आणि ते संतुलनरावांनी अक्षरशः पाळलं. पंचाईत जेवणाची होती. एक घास चिऊचा, एक घास काऊचा करता करता वाटीभर वरणभाताला पाऊण तास लागे. चिऊ-काऊ जेवून जात आणि चिरंजीव उपाशी. मग संतुलनराव ऑफिसच्या कामानं बंगलोरला गेले असताना त्यांच्या बायकोनं चादर काढली. पडद्यावर छोटा भीमनं लाडू तोंडात टाकला आणि इकडे वरणभाताची वाटी दहा मिनिटांत रिकामी झाली. ती चादर आता बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनवर असते.

तेव्हापासून धोरण बदललं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली सांगून ठेवलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांनी बसल्याजागी दिवसाला एक तासाहून जास्त पडदा बघू नये, कमी बघितला तर उत्तमच. संतुलनरावांनी हा नियम छापून फ्रिजवर लावला. शेजारी वारांचे रकाने आखले. रोज रात्री ते त्यात मिनिटं भरतात, आणि गंमत अशी की बेरीज रोज साठच येते.

ही बेरीज कशी जुळते ते बघण्यासारखं आहे. जेवताना लावलेला टीव्ही 'पोषण' या खात्यात जातो, म्हणून धरायचा नाही. सिंह-जिराफ दिसले की तो अभ्यास. जाहिरातींची मिनिटं वजा, कारण त्या काही आपण लावलेल्या नसतात. आयपीएल मूल बाबांच्या मांडीवर बसून बघतं, तो पितापुत्रांचा सहवास. आजीची मालिका चालू असताना चिरंजीव फक्त 'त्या खोलीत असतात'. सासूनं सुनेच्या दुधात काय मिसळलं हे ते दुसऱ्या दिवशी बालवाडीत सविस्तर सांगतात, पण ते असो. सहकारी पतसंस्थेच्या हिशेबतपासनिसाला हा तक्ता दाखवला तर तो आदरानं हात जोडेल.

आजीपुढे मात्र संतुलनरावांचं काही चालत नाही. सात ते साडेनऊ रिमोट आजींच्या पदराखाली असतो. "आई, लहान मुलासमोर इतका टीव्ही बरा नाही," असं ते एकदा म्हणाले. आजी पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, "तू रविवारी ते मोगली संपल्याशिवाय अंघोळीला उठत नव्हतास. टॉवेल घेऊन मी उभी राहायचे."

"ते वेगळं होतं गं. आठवड्यातून एकदाच असायचं."

यात संतुलनरावांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. 1993 साली दूरदर्शनवर मोगली लागायचा, तो संपला की संपला. पुढचा भाग बघायला आठवडाभर थांबणं भाग होतं. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं तेव्हा तर कार्यक्रमच संध्याकाळचे काही तास असत. मधूनच 'व्यत्यय'ची पाटी लागे, उरलेलं काम वीज मंडळ करी. पोरांचं संतुलन राखायचं खातं तेव्हा सरकारकडे होतं, आईबापांना फक्त हताश चेहरा करून "गेली वाटतं!" म्हणायचं असे. आता एक भाग संपायच्या आत दुसरा आपण होऊन सुरू होतो आणि बंद करण्याचा वाईटपणा बाबांनाच घ्यावा लागतो.

भाषेचा प्रश्न निराळाच. घरात शुद्ध मराठी, दारावर मराठीत पाटी, आणि चिरंजीव आजीला म्हणतात, "दादी, मुझे बचाओ!" मोटू-पतलू आणि डोरेमॉनची ही शिकवण. हिंदी फार होतंय म्हणून संतुलनरावांनी इंग्रजी पेपा पिग लावून दिली. ती डुकरीण चिखलाच्या डबक्यात उड्या मारते. त्या पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमधलं एकही डबकं चिरंजिवांनी सोडलं नाही.

या घरात खरं बोलणारी एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे त्यांची बायको. "टीव्ही मी त्याच्यासाठी लावतच नाही," ती सरळ सांगते, "मला अर्धा तास हवा असतो. कुकर लावायचा असतो, ऑफिसचा एक मेल टाकायचा असतो, कधी नुसतं बसायचं असतं." तिच्या वेळेचा रकाना फ्रिजवर नाही. माझं मत विचाराल तर तो तेवढा आखावा आणि बाकीचे पुसावेत.

मुलाला एकटं सोडू नका, शेजारी बसून बघा, असंही बालरोगतज्ज्ञ सांगतात. हा सल्ला संतुलनराव सर्वांत मनापासून पाळतात. परवा मी गेलो तेव्हा चिरंजीव केव्हाच उठून आतल्या खोलीत ठोकळ्यांचा पूल बांधत होते आणि संतुलनराव एकटेच डोरेमॉन बघत होते. नोबिताचा गृहपाठ होतो की नाही, हे कळल्याशिवाय उठणं त्यांना जड जात होतं. ती मिनिटं त्यांनी कुठल्या खात्यात टाकली, ते मी विचारलं नाही.

तुम्हालाही त्यांच्याकडे जायचं असेल तर खुशाल जा, चहा चांगला मिळतो. बेल वाजवल्यावर दार उघडायला मात्र थोडा वेळ लागतो, कारण आधी टीव्ही बंद व्हावा लागतो. तेवढं थांबा.