डाव्या हाताचा मळ

जुन्या बुलेटवाल्याची पारख करायची असेल तर त्याच्याशी डाव्या हाताने हस्तांदोलन करावं. उजवा हात तुमच्याआमच्यासारखाच असतो, सही करणारा, वरणभात कालवणारा. डावा मात्र तालमीत वाढलेला. स्वारगेटपासून कात्रजपर्यंतचे सिग्नल संध्याकाळी सहा वाजता जड क्लच दाबत ज्याने पार केले, त्याने वेगळे जोर काढायची गरज नाही. फक्त एकाच हाताचे जोर होतात एवढंच.

माझ्या वाट्याला बुलेट आली ती मामांकडून. सत्तरच्या दशकातली, मद्रासची, कास्ट आयर्न इंजिनाची. मामांचं मनगट दुखायला लागलं आणि मामीने त्या मनगटाचा असा काही प्रचार केला, की दूरचे नातेवाईकसुद्धा फोन करून मनगटाची चौकशी करू लागले. "तू घेऊन जा बाबा ती गाडी. यांच्या हातात आता जोर राहिला नाही," मामी म्हणाली. मामा व्हरांड्यात पेपर वाचत होते. पेपर जरा हलला. बाकी निषेध नोंदवला गेला नाही.

गाडी घरी आणताना मामीच्या बोलण्यातली करुणा कळली. या गाडीला गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. पहिला गिअर वर, उरलेले तीन खाली. म्हणजे आयुष्यभर शिकलेलं सगळं उलटं करायचं, आणि ते करत असताना डाव्या हाताने एक लोखंडी दांडी मुठीत आवळून धरायची. गिअरच्या दांडीजवळ टाचेने दाबायची आणखी एक छोटी दांडी असते, न्यूट्रल फाइंडर. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, कुठल्याही गिअरमधून ती थेट न्यूट्रलला आणून सोडते. ती ज्या कुणा साहेबाला सुचली, त्याचंही डावं मनगट दुखत असणार.

कोपर दुखायला लागल्यावर डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "टेनिस एल्बो. टेनिस खेळता?" म्हटलं, "नाही, बुलेट चालवतो." त्यांनी लिहीत असलेला कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "सहा व्होल्ट की बारा?" पुढची वीस मिनिटं बाहेरचे पेशंट ताटकळले. कोपराविषयी मात्र पुन्हा बोलणं निघालं नाही.

बुलेटवाल्यांच्या जमातीत याबद्दल तक्रार करायची सोय नसते. "बुलेटचा क्लच जडच असतो," हे वाक्य ते ज्या थाटात म्हणतात, त्या थाटात लोक आपल्या घराण्याचा तापट स्वभाव सांगतात. एकाने मला रबरी चेंडू दाबायचा व्यायाम सुचवला. दुसऱ्याने नुसतंच माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि "स्कूटर बरी असते हो शहरात" असं म्हणून विषय बदलला.

खरं तर ही गाडी मुळात एवढी आडदांड असायचं कारण नाही. रॉयल एनफिल्डचं मूळ इंग्लंडातल्या रेडिच गावचं, आणि ते गाव सुयांचं. १८५१ साली जॉर्ज टाउनसेंडने तिथे जो कारखाना काढला तो शिवणाच्या सुयांचाच. पुढे सायकली आल्या, मग एनफिल्डच्या सरकारी शस्त्रकारखान्याला सुटे भाग पुरवण्याचं काम मिळालं, त्यावरून नाव आलं, आणि 'बंदुकीसारखी घडवलेली' ही जाहिरात आली. १९३२ साली बुलेट आली, १९५५ पासून मद्रासचा कारखाना. सुईपासून बंदुकीपर्यंत सगळा प्रवास झाला, पण त्यात पहारीचा उल्लेख मला तरी कुठे सापडला नाही. मग माझ्या गाडीला पहार कोणी जोडली?

याचं उत्तर नाना पेठेच्या मागच्या गल्लीतल्या उस्तादांनी दिलं. उस्ताद वयाने मामांच्या आसपासचे. गाडीकडे न पाहता आधी त्यांनी माझा डावा हात पाहिला, मग क्लच दाबून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, हा कंपनीचा क्लच नाही. हा लोकांचा क्लच आहे."

त्यांनी केबलचं गिअरबॉक्सकडचं टोक सोडवलं आणि मला पुन्हा दाबायला सांगितलं. टोकाला काहीच वजन नाही, तरी दांडी निम्मी जडच. "बघा, अर्धा आजार इथेच. इंजिन उघडायच्या आधीच," ते म्हणाले. मामांच्या मुलाने कॉलेजात असताना उंच हँडल बसवलं होतं, त्यासाठी लांब केबल आणली. हँडल पुढे बदललं, केबल तशीच राहिली. उरलेली लांबी हेडलाइटला प्रदक्षिणा घालून गिअरबॉक्सकडे जात होती.

तारेच्या वळणांचा हिशोब ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकातच करून ठेवला आहे. घर्षण वळणागणिक नुसतं वाढत जात नाही, ते गुणत जातं. तेल प्यायलेल्या केबलचा घर्षणांक ०.१ धरला आणि सगळी वळणं मिळून १८० अंश भरली, तर पलीकडे एक किलोची ओढ पोचवायला अलीकडे १.४ किलो लावावे लागतात. केबल कोरडी पडून तो ०.२ झाला की १.९. आणि कोरड्या केबलने ३६० अंशांची पूर्ण प्रदक्षिणा घातली की साडेतीन किलो. मामेभावाच्या कॉलेजजीवनाचे अडीच किलो मी रोज उचलत होतो.

दुसरा ऐवज हँडलवर निघाला. तिथली क्रोमची चकचकीत दांडी कोणीतरी हौसेने बसवलेली. उस्तादांनी पट्टी लावली. दांडीची खीळ आणि केबलचा मणी यांत २७ मिलिमीटर. त्यांनी फळीवरच्या डब्यातून एक मळकी दांडी काढली, त्यात २२. बोटांकडची लांबी तीच. पाच मिलिमीटरचा फरक, पण तरफेच्या हिशोबाने हाताला वीस टक्क्यांहून जास्त जोर पडतो. "मग लोक अशी का बसवतात?" मी विचारलं. "चमकते ना," उस्ताद म्हणाले.

मग चेनकेस उघडली. क्लच इथे राहतो, प्लेटींच्या चळतीवर स्प्रिंगा दाबून बसलेल्या. स्प्रिंगा बाहेर निघाल्या तशी प्रत्येकीखालून एकेक जाडी वायसर टणकन खाली पडली. उस्तादांचा चेहरा पुराणवस्तू खात्याच्या माणसासारखा उजळला आणि त्यांनी थरांवरून काळ वाचायला सुरुवात केली. आधी कोणीतरी चेनकेसमध्ये नको ते तेल ओतलं. त्याने प्लेटी गुळगुळीत झाल्या, क्लच घसरायला लागला. प्लेटी साफ करायच्या सोडून कोणीतरी कडक स्प्रिंगा टाकल्या. तरी घसरतोय म्हणून पुढच्याने वायसर घातल्या. एवढा ताण पडल्यावर केबलचे धागे तुटू लागले, म्हणून आणखी कोणी जाड तार टाकली. गिअरबॉक्सच्या पोकळ शाफ्टमधून आरपार जाणारा क्लचचा रॉड तो सगळा भार खात टोकाला चेपून फुलला होता, आणि त्याच्यावरचं ग्रीस वाळून खडू झालं होतं. प्रत्येकाने इलाज केला होता, प्रत्येकाने पैसे घेतले होते, आणि प्रत्येकाचं बिल शेवटी माझ्या कोपराच्या नावावर चढलं होतं.

सामान आणायला मीच गेलो. नाना पेठेतल्या काउंटरवर विचारणा झाली, "ओरिजिनल देऊ की चालणारं?" हा प्रश्न फार खोल आहे; मी उस्तादांना फोन लावून दिला. स्प्रिंगा मिळाल्या त्या उस्तादांनी काचेच्या तुकड्यावर उभ्या करून ओळीत लावल्या आणि उंचीला कमीजास्त होत्या त्या परत पाठवल्या. एक स्प्रिंग जरी जास्त ताठ निघाली तर प्लेट तिरकी उचलली जाते, मग गिअर कुरकुरतात, मग कोणीतरी पुन्हा इलाज करतो. जुन्या बाजारात रविवारी रॉड सापडला. तो विकणारा त्याला पडद्याची दांडी समजत होता, मी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

योग्य लांबीची नवी केबल मात्र माझ्याकडे सोपवण्यात आली. तिला तेल पाजायचं. प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून तो केबलच्या वरच्या टोकाला दोऱ्याने आवळून बांधायचा, पिशवीत तेल ओतायचं आणि केबल रात्रभर उभी टांगायची. मी ती बाल्कनीच्या ग्रिलला टांगली, खाली श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवला. सकाळी दुधाच्या पिशव्या घ्यायला उठलेल्या बायकोने विचारलं, "पेशंट कसा आहे?" डब्यात चार थेंब पडले होते. म्हणजे तेल आरपार पोचलं होतं.

सगळं जुळवल्यावर उस्तादांनी क्लच दाबून धरला आणि मला किक हळूहळू मारायला सांगितली. फिरणारी प्लेट डुलतेय का ते पाहत त्यांनी एकेक स्क्रू पाव आटा फिरवला. डुलायची थांबली तेव्हा झाकण लावलं. निघालेल्या वायसरी त्यांनी मला कागदाच्या पुडीत बांधून दिल्या. अस्थी दिल्यासारख्या.

आता क्लच दोन बोटांत येतो. बुलेटवाल्यांना मी तो मोठ्या उत्साहाने दाबून दाखवला, तर त्यांच्यात सुतकी शांतता पसरली. "काहीतरी सुटलंय आतून," एक म्हणाला. चेंडूवाल्याने दाबला, सोडला, परत दाबला आणि "मजा गेली" असं म्हणत स्वतःच्या गाडीचा क्लच खात्रीसाठी आवळून पाहिला. नंतर हळूच बाजूला घेऊन त्याने उस्तादांची गल्ली विचारून घेतली.

मामांना दाखवायला मुद्दाम गाडी घेऊन गेलो. ते पेपर ठेवून बाहेर आले. त्यांनी अंगठ्याने आरसा पुसला, दोन बोटांनी क्लच दाबला, थोडं थांबून पुन्हा दाबला. मग मनगट गोल फिरवून पाहिलं आणि माझ्यापुढे हात केला.

"किल्ली."

"मामा, लायसन्स?"

"रिन्यू होतं ते. किल्ली आण."

तेवढ्यात पदराला हात पुसत मामी बाहेर आली. तिने मामांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि मग मला आत स्वयंपाकघरात बोलावून हलक्या आवाजात विचारलं, "त्या वायसरी की काय म्हणालास, त्या टाकून तर नाही ना दिल्यास?"