दुसऱ्या मजल्यावरचा खडखडाट

ऐकलंत का? नाही, नाहीच ऐकू येणार, तुम्ही मागच्या विंगेत. आमच्याकडे हल्ली सकाळी साडेसहाला दुसऱ्या मजल्यावरून खडखडाट येतो. पहिल्या दिवशी वाटलं, कुणाच्या मिक्सरमध्ये चमचा गेला. डोकावून बघते तर आमच्या वहिनी! वय वर्षं अठ्ठावन्न. गाऊनवर ओढणी, पायात स्पोर्ट्स शूज, आणि झाकणाच्या बाटलीत तारेचा गोळा टाकून दोन्ही हातांनी घुसळणं चाललंय.

"प्लांट प्रोटीन गं," इकडेतिकडे बघत म्हणाल्या. "मसल्ससाठी."

मसल्स! गुडघ्यांच्या पलीकडे ज्यांनी कधी शरीराचा विषय काढला नाही, त्या बाईच्या तोंडी!

डबा मी बघितलाच. चांगला लोणच्याच्या बरणीएवढा, वर हिरवं पान, खाली 'चॉकलेट'. किंमत नखाने खरवडलेली, ती भाऊजींसाठी असणार. पण अडीच हजारांतला अडीच शिल्लक होता. चष्मा लावून घटक वाचले आणि डबा हातातून सुटायचाच बाकी राहिला. पिवळ्या वाटाण्याचं प्रोटीन आणि ब्राऊन राइसचं प्रोटीन. म्हणजे रगड्याचा वाटाणा हो! तो दळायचा, पाण्यात कालवायचा, स्टार्च आणि चोथा वेगळा काढायचा, उरेल त्याची भुकटी करायची. डाळी-कडधान्यांत मिथिओनिन हे अमिनो आम्ल कमी, तांदळात लायसिन कमी, म्हणून दोघांची जोडी. हे लग्न आपल्या आज्यांनी कधीच लावून दिलंय, कंपनीने नुसतं रिसेप्शन ठेवलं. वहिनी रोज सकाळी गार वरण-भात पितात, चॉकलेट घालून!

तिसऱ्या मजल्यावरचा जिमवाला मुलगा तर नाकच मुरडतो. म्हणे काकू, झाडपाल्यात ल्युसिन कमी, स्नायूंना जाग आणणारं तेच, दुधातल्या व्हे प्रोटीनची सर नाही. त्यालाही मी सोडलं नाही. ब्राझीलमध्ये १९ वीगन आणि १९ मिश्राहारी तरुणांना १२ आठवडे पायांचा व्यायाम करायला लावला होता; एकांना सोयाचं प्रोटीन, दुसऱ्यांना व्हे, दोघांनाही वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.६ ग्रॅम पडेल इतकं. २०२१ साली निकाल छापून आला. स्नायू दोन्हीकडे सारखेच वाढले. पोरगा गप्प. (व्यायाम मात्र दोघांनाही चुकला नव्हता, हे मी त्याला सांगितलं नाही. वहिनींना सांगितलं. तर त्या खुर्ची धरून वीस बैठका काढतात म्हणे! आधी बैठका, मग बाटली. बोला आता.)

आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था २०२४च्या मार्गदर्शनात म्हणते की शरीर कमवायला असल्या पावडरी टाळाच. हे कळल्यावर मी जिना उतरतच होते, वहिनींना ऐकवायला. पण त्याच संस्थेचा दुसरा आकडा आडवा आला: दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन हवं. म्हणजे माझ्यासारख्या साठ किलोच्या बाईला पन्नास ग्रॅम. परत वर आले आणि मुकाट्याने काटा काढला.

आमच्या घरी चौघांना अर्धी वाटी तूरडाळ लागते. साठ ग्रॅम भरली. माणशी पंधरा. त्यात प्रोटीन किती, तर जेमतेम सव्वातीन ग्रॅम! बाकी हळद, हिंग आणि नळाचं पाणी. वर तूप सोडलं की दाट दिसतं, एवढंच. पस्तीस वर्षं मी या वरणाच्या जोरावर लोकांच्या घरातल्या सूनबाईंना नावं ठेवली.

परवा वाण्याकडे गेले. फुटाणे घेतले, मटकी घेतली, आणि हळूच सोयावडीचं पाकीट मागितलं. कोरड्या वड्या शंभर ग्रॅम घेतल्या तर प्रोटीन पन्नासच्या वर, आणि पैसे पावडरीच्या मानाने काहीच नाहीत. पिशवीत सगळ्यात खाली घातलं, वर कोथिंबीर पसरली. वळते तर मागे वहिनी.

"काय गं," पिशवीत बोट घालून कोथिंबीर बाजूला करत म्हणाल्या, "मसल्स?"