पाठपुराव्याला यश

आमचे भाऊ २००७ पासून 'भावी नगरसेवक' आहेत. पुण्यात तेव्हा एकाचा वॉर्ड होता. २०१२ला दोघांचा प्रभाग झाला, २०१७ला चौघांचा. जागा वाढत गेल्या, पण भाऊंना काही त्यात बसता आलं नाही. एकदा त्यांनी वहिनींना उभं केलं. वहिनी प्रचाराला दोनच दिवस बाहेर पडल्या आणि भाऊंपेक्षा जास्त मतं घेऊन पडल्या. हा विषय घरात काढायचा नसतो.

फ्लेक्सवरचे भाऊ कायम मोबाइलवर बोलत असतात. पांढरा शर्ट, कपाळाला आठी, नजर वर, बहुधा बंद पथदिव्याकडे. "आयुक्तांशी बोलणं झालंय," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. कोणत्या आयुक्तांशी, ते विचारू नये. आयुक्त बदलून जातात, बोलणं झालेलंच असतं.

शहराच्या प्रश्नांवर भाऊंची मतं ठाम असतात, फक्त समोर कोण आहे ते आधी बघावं लागतं. सोसायटीच्या सभेत ते गरजतात, "फेरीवाल्यांनी फुटपाथ खाल्ले!" तिथून निघून कोपऱ्यावर मेथी घेताना हळूच म्हणतात, "मावशी, तुमच्या ओट्याचा विषय मी लावून धरलाय." रस्ता रुंद झालाच पाहिजे, कोणाची भिंत मागे घेऊन, ते नंतर बघू. मेट्रो दाराशी हवी, खोदाई पलीकडच्या प्रभागात.

जकातीचा विषय निघाला की मात्र भाऊ खरोखरीचे गंभीर होतात. "२०१३ला जकात गेली, एलबीटी आला. २०१५ला पन्नास कोटींच्या आतल्या व्यापाऱ्यांचा तोही माफ. मग जीएसटी. स्वतःची कमाई गेली की महापालिका सरकारच्या तोंडाकडे बघत बसणार, दुसरं काय!" मग गाडी चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीवर येते. "बाराव्या परिशिष्टात विषय किती? अठरा! त्यातले आपल्या हातात खरे आले किती?" समोरचा बोटं मोजायला लागतो, तेवढ्यात फोन वाजतो. कोणाचं तरी चेंबर भरून वाहत असतं. घटनादुरुस्ती तिथेच सोडून भाऊ निघतात.

खरे भाऊ बघायचे तर चेंबरपाशी. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत पाणी पार जिन्यापर्यंत आलं. भाऊ हाफ पँट आणि रबरी चपलेत हजर. त्यांनी पहारीनं झाकण उचललं, उकिडवे बसून बॅटरी मारली आणि नाकाला रुमालही न लावता निदान केलं, "लाइन सहा इंची. त्यावर तीन इमारती वाढल्या. जेटिंगनं आठ दिवस निघतील. नऊ इंची टाकल्याशिवाय सुटका नाही." मुकादम मान डोलवत होता. नवीन आलेला ज्युनियर इंजिनियरसुद्धा जुनी लाइन कुठून जाते ते भाऊंनाच विचारतो. वर पहिल्या मजल्यावरचे काका गॅलरीतून व्यवस्थेला शिव्या घालत होते. भाऊ खालून म्हणाले, "काका, गच्चीचं पावसाचं पाणी ड्रेनेजला तुम्हीच जोडलंय. आधी ते तोडा." त्या इमारतीत चाळीस मतं आहेत, आणि ती सगळी काकांच्या शब्दातली. भाऊंना हे आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी बोलले. जिथे ओठ शिवून बसायचं, नेमकं तिथे हा माणूस खरं बोलतो. मग निवडून यायचा कसा?

मार्च २०२२मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. माजी झालेली मंडळी क्षेत्रीय कार्यालयात भाऊंच्याच बाकावर येऊन बसू लागली. "आता सगळेच भावी," असं म्हणत भाऊ त्यांना सरकून जागा द्यायचे. जवळपास चार वर्षं त्यांची अशी चैनीत गेली.

मग १५ जानेवारी २०२६ ला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, मतदान लागलं. पक्षाचा एबी फॉर्म आदल्या रात्री पक्षात आलेल्याला गेला. भाऊ अपक्ष. चार मतं द्यायची म्हटल्यावर आज्ज्या गोंधळायच्या, भाऊ समजावत, "तीन कोणालाही द्या आजी, एक मला." आज्ज्यांनी पहिला अर्धा भाग तेवढा लक्षात ठेवला असावा.

निकालानंतर आठवड्याभरात नव्या नगरसेवकांच्या माणसाचा फोन आला, "भाऊ, ते चेंबर नक्की कुठलं?" भाऊ गेले, लाइन दाखवली, खोदाईला दोन दिवस उभे राहिले. नऊ इंची पडली. तिसऱ्या दिवशी तिथे फ्लेक्स लागला, 'माननीयांच्या विशेष प्रयत्नातून'. भाऊंनी बुजवलेल्या चराचा फोटो काढला, फ्लेक्स तेवढा कापला आणि ग्रुपवर टाकला, 'आमच्या पाठपुराव्याला यश.' खाली सहा अंगठे, त्यातला एक वहिनींचा. आणि पहिल्या मजल्यावरच्या काकांचा मेसेज, "छान. पण सकाळपासून पाणी कमी दाबानं येतंय, त्याचं काय?"

"आयुक्तांशी बोलणं झालंय," भाऊंनी टाइप केलं आणि चावीवाल्याला फोन लावला.