गुंजेच्याही खाली

गोदावरीचा पूर मीटरमध्ये मोजलेला नाशिककराला पटत नाही. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं, हे बातम्या सांगत राहतात; ते ऐकून घेतल्यावर माणूस शेजाऱ्याला विचारतो, "दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय?" गुडघ्यापर्यंत असेल तर चहा घेऊन सावकाश बघायला जावं, कमरेपर्यंत आलं तर सराफ बाजारानं माल वर हलवायला घ्यावा आणि गळ्याशी पोचलं तर बघायलाही जाऊ नये. बिचारा मारुती! नदीच्या पात्रात दोन दिशांना तोंडं करून जन्मभराची मोजपट्टी झालेला. पण मापासाठी देव निवडावा तर हाच. समुद्र ओलांडताना तो पर्वताएवढा होतो आणि लंकेत शिरताना दिसेल न दिसेल इतका लहान. अणिमा सिद्धी म्हणतात ती हीच. पुराच्या मापाला त्याचं मोठं रूप पुरतं. लहान रूपाशी मात्र आपण कधी हिशेब केला नाही.

सराफ बाजार तसा लहान मापांचाच. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. लाल अंगाची, काळ्या डोळ्याची ती गुंज ताजव्यात पडली की एखाद्या घरातलं लग्न वर-खाली व्हायचं. त्याही खालचा हिशेब झारेकऱ्यांचा. सोनाराच्या भट्टीतली राख आणि दुकानापुढची धूळ पाण्यात खळबळून ते कण शोधतात. जगानं झाडून टाकलेल्यात सोनं असणारच, एवढी श्रद्धा बाळगून जगणारी ती माणसं. पण त्यांच्या पाटीत उरणारा कणसुद्धा नॅनोमीटरच्या लेखी डोंगर! एका मीटरचे १०० कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. आपला केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो, आणि हे वाक्य वाचेपर्यंत तुमचं नख काही नॅनोमीटर वाढलेलंही असेल.

मौज अशी की इतकं लहान झाल्यावर वस्तू नुसती लहान राहत नाही, तिचा स्वभाव पालटतो. सोनं वीस-एक नॅनोमीटरचं करून पाण्यात तरंगत ठेवलं, तर ते माणकासारखं लाल दिसतं. कणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकदम डोलतात, हिरवा रंग गिळतात, आणि आपल्या वाट्याला लाली येते. कण थोडे मोठे झाले की तीच लाली जांभळी होते. पिढ्यान्‌पिढ्या कसोटीवर पिवळी रेघ ओढणाऱ्या सराफापुढे ही लाल बाटली ठेवून "शुद्ध सोनं आहे" म्हणावं, तर तो आधी चष्मा पुसेल आणि मग मुलाला हाक मारेल. मायकेल फॅरडेनं असं लाल सोनं लंडनमध्ये केलं आणि त्यावर व्याख्यान दिलं ते १८५७ साली. आपल्याकडे ते वर्ष निराळ्याच लालीसाठी लक्षात राहिलं. फॅरडेच्या त्या लाल सोन्याच्या काही कुप्या रॉयल इन्स्टिट्यूशननं अजून जपून ठेवल्या आहेत.

पुढची गोष्ट घडायला शतक गेलं, आणि मग मात्र ती भराभर घडली. २९ डिसेंबर १९५९ रोजी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी कॅलिफोर्नियात एका भाषणात विचारलं, अख्खा ब्रिटानिका ज्ञानकोश टाचणीच्या डोक्यावर का लिहू नये? १९७४ मध्ये जपानच्या नोरिओ तानिगुची यांनी इतक्या लहान मापावर काम करण्याच्या विद्येला 'नॅनोटेक्नॉलॉजी' हे नाव दिलं. १९८१ मध्ये झुरिकला बिनिग आणि रोरर यांनी अणू 'दाखवणारा' सूक्ष्मदर्शक बांधला. आणि १९८९ मध्ये माणसानं झेनॉनचे ३५ अणू एकेक करून सरकवले आणि त्यांतून काय लिहिलं? आपल्या कंपनीचं नाव, आयबीएम! पांडवलेण्यांत सातवाहनांच्या शिलालेखाशेजारी कुणी स्वतःचं नाव कोरलं तर आपण चिडतो. पण हात पोचेल तिथे नाव लिहायचं, ही माणसाची जुनीच खोड.

नॅनोचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "हे आपल्याकडे होतंच." सुवर्णभस्माचं उदाहरण देतात, आणि ते अगदी पोकळ नाही. भस्म बोटांच्या रेषांत शिरलं पाहिजे, संथ पाण्यावर तरंगलं पाहिजे, अशा रसशास्त्राच्या परीक्षा आहेत. आणि आजच्या उपकरणांना सुवर्णभस्मात पन्नास-साठ नॅनोमीटरचे कण सापडलेही आहेत. तरी मला वाटतं, त्या वैद्यांना नॅनोशास्त्रज्ञ ठरवण्यात त्यांचा मान वाढत नाही. कणाचा आकार न कळता, नुसत्या बोटानं भस्म उतरल्याची खूण ओळखणं, हेच केवढं मोठं काम!

आणि हे लाल सोनं आता कुठे भेटतं? औषधाच्या दुकानात. गर्भचाचणीच्या पट्टीवर उमटणारी गुलाबी रेघ बहुतेक वेळा सोन्याच्या नॅनोकणांचीच असते. करोनाच्या कितीतरी अँटिजेन चाचण्यांतली रेघही तीच. सराफ बाजाराची पायरी कधी न चढलेल्या घरांतही ते सोनं गुपचूप येऊन गेलं. कुठे एक रेघ बघून सुटकेचा श्वास सोडला गेला. कुठे दोन बघून न्हाणीघराचं दार बराच वेळ उघडलं नाही, आणि उघडलं तेव्हा डोळे पुसलेले होते. हे सोनं ना तोळ्यात बसतं, ना गुंजेत. पुढच्या खेपेला ती रेघ दिसली तर घटकाभर नीट बघा आणि मग पट्टी कचऱ्यात टाका. सराफ ती मोडीत घेणार नाही.