तीन डगरींवर पाय ठेवण्याची रीत

दोन डगरींवर पाय ठेवू नये, असे वडीलधारे सांगत आले. तीन डगरींबद्दल कुणी काही बोललेले नाही, म्हणजे हरकत नाही असे समजावे.

नोकरी, लेखन आणि छंद या त्या तीन डगरी. आधी नोकरी धरावी, जमल्यास सरकारी. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 कर्मचाऱ्याला साहित्यिक, कलाविषयक किंवा वैज्ञानिक काम करू देतात. अट एवढीच, की ते अधूनमधून असावे आणि सरकारी कामाचा खोळंबा होऊ नये. कविता तशीही अधूनमधूनच होते. कादंबरीकाराने दर दोन पानांनी थोडे दिवस थांबावे. खोळंबा कवितेच्या आधीपासूनच असल्यामुळे कवीवर ठपका येत नाही.

सामग्री फार लागत नाही. पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा, टेबलाचा खालचा खण आणि साहेब आले की वर सारायला एक जाडशी फाइल. ही फाइल निकाली निघालेली असावी. चालू फाइल दिसली की साहेब ती उघडतात, आणि मग तुमच्या अष्टाक्षरीवर त्यांचा शेरा पडतो.

लेखन दिवाळी अंकापासून सुरू करावे. 1909 साली ‘मनोरंजन’ने पाडलेला हा पायंडा अजून टिकून आहे. पावसाळ्यात संपादकांचा फोन येतो, “पंधरा ऑगस्टपर्यंत द्या हं.” लगेच हो म्हणावे. मानधनाचा विषय आपण काढू नये, तेच काढतात: “अंक घरपोच पाठवू.” नोकरी आधी का धरायची, ते इथे कळते.

छंद निवडताना शेजाऱ्यांचा विचार व्हावा. पेटी वाजवायची तर वरचा मजला बहिरा हवा. ओरिगामीला आवाज नसतो. मात्र अनिल अवचट ओरिगामी करता करता बासरी वाजवत, लाकडात शिल्पे कोरत आणि शिवाय पुस्तकेही लिहीत. घरात कुणी त्यांचा दाखला दिलाच, तर विषय बदलावा. मारुती चितमपल्लींचे उदाहरण त्याहून घातक. वनखात्यात नोकरी, जंगलाचाच नाद आणि त्यातूनच ‘पक्षिकोश’! तिन्ही डगरी एकाच रानात. आपल्या सरकारी कार्यालयात पारव्यांखेरीज कुणी उतरत नाही, हे ध्यानात ठेवून महत्त्वाकांक्षा बेताची ठेवावी.

आता मुख्य बाब. 1974 साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी आपली आद्याक्षरे उलटी फिरवली आणि ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा धाडली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती उतरवून दिली पत्नी मंगलाताईंनी. कथेला पहिले बक्षीस मिळाले. मंगलाताई स्वतः गणितज्ञ होत्या. नारळीकरांनी निदान ही गोष्ट सांगून तरी टाकली. बाकीचे लेखक प्रस्तावनेत ‘सौ.च्या सहकार्याशिवाय’ एवढ्यावर भागवतात.

तेव्हा वेळापत्रक आखण्याआधी घरात असे एक माणूस असल्याची खात्री करून घ्यावी. गॅसवाला कधी येतो, मुलाची चित्रकलेची वही कुठे असते आणि विजेचे बिल कधी भरायचे, हे त्या माणसाला ठाऊक असते. पुस्तक निघाले की पहिली प्रत सहीनिशी त्याच्या हाती द्यावी. तुला कसला छंद आहे, असे मात्र चुकूनही विचारू नये. उत्तर मिळाले, तर रविवारचा कुकर आपल्याला लावावा लागतो.