आधी विचारा

डोंबिवलीतल्या त्या दोन खोल्यांत इंटरनेट येतं ते नानांच्या खिशातून. भिंतीवर लुकलुकणारा डबा नाही, खिडकीतून आलेली वायर नाही. मुलगा, सून, नातू यांच्या फोनचं रोजचं नेट दुपारपर्यंत उडालेलं असतं. नानांचं 2 जीबी मात्र शाबूत, कारण सकाळी फुलांचं चित्र पाठवणं यापलीकडे त्यांची हौस जात नाही. मग हे उरलेलं नेट हॉटस्पॉट लावून घरात वाटलं जातं. "एवढं पुरतंय, तर वेगळ्या वायफायला पैसे कशाला?" निवृत्त माणसाच्या हिशेबाशी वाद कोण घालणार?

असे नाना आता बऱ्याच घरांत सापडतात. ओळखायची खूण सोपी. यांचा फोन हातात नसतो, खिडकीच्या कठड्यावर चार्जरला लावलेला असतो. तो तापतो म्हणून टेबलफॅन त्याच्याकडे वळवलेला असतो आणि मालक शेजारी घाम पुसत बसलेला असतो.

हॉटस्पॉटला नाव द्यायची वेळ आली तेव्हा नानांच्या मनात होतं 'विचारल्याशिवाय जोडू नये'. पण फोन ते घेईना. नाव 32 बाइटांत बसवावं लागतं, देवनागरीचं एकेक अक्षर त्यातले 3 खातं, शिवाय काना-वेलांटीचा आकार वेगळा. काटछाट करत शेवटी 'आधी विचारा' बसलं. पासवर्ड किमान आठ अक्षरी हवा, म्हणून लग्नाची तारीख टाकली. काकू म्हणाल्या, "चला, त्या निमित्ताने तरी पाठ झाली!"

नानांच्या वडिलांनी टेलिफोनच्या तबकडीला कुलूप लावलं होतं. रक्तातच आहे म्हणायचं. स्वतः नानांनीही 1 जीबी महिनाभर पुरवलेलं. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, देशभर लोक फुकट नेटवर तुटून पडले, तरी नाना काम झालं की नेट बंद करत राहिले, खोलीतून उठताना दिवा मालवावा तसं. अशा माणसाच्या हाती आता जोडलेल्या उपकरणांची यादी आली आहे. ती ते हजेरीपटासारखी वाचतात. "हा चौथा कोण?" चौथा शेजारचा बंड्या निघाला की पासवर्ड बदलतो आणि सगळ्या घराला पुन्हा अर्ज करावा लागतो.

त्यांचा खरा दावा टीव्हीशी आहे. एचडी सिनेमा तासाला 3 जीबीपर्यंत खातो, म्हणजे नानांच्या 2 जीबीत नायक-नायिकेची धड ओळखही होत नाही. पुढे वेग 64 केबीपीएसवर येतो आणि पडद्यावर गोल गोल चक्र फिरत राहतं. नानांना याचं काही वाटत नाही. त्यांची फुलं त्यातूनही जातात, जरा उशिरा उमलतात एवढंच. रात्री 12 वाजता नवा कोटा मिळतो. त्या मुहूर्तासाठी नातू डोळे ताणून जागा असतो आणि नाना हॉटस्पॉट बंद करून, फोन उशाखाली घालून घोरत असतात.

पण नानांचं खरं वजन कळतं ते ते पिशवी घेऊन भाजीला निघाले की. दुसऱ्या जिन्यापर्यंत कसंबसं टिकतं. तिथून खाली उतरले की इकडे मीटिंगमध्ये सुनेचा चेहरा अर्ध्या वाक्यात गोठतो. परवा तिने दारातच अडवलं.

"नाना, तुम्ही बसा. भाजी मी ऑनलाइन मागवते."

"नेट माझंच ना त्याला?"

चाळीस वर्षं नोकरी करून हा माणूस संध्याकाळी घरी यायचा, तेव्हा कोणी मान वर करून बघत नव्हतं. आता "नाना कधी येणार?" हे दिवसातून तीनदा विचारलं जातं. कौतुकाने विचारतात असं त्यांचं ठाम मत आहे, आणि ते मोडायचं पाप मी करणार नाही.

गेल्या महिन्यात नाशिकला भाचीचं लग्न निघालं. मुक्काम दोन दिवसांचा. घरात खलबतं झाली. नातवाची परीक्षा, सुनेचं ऑफिस, मुलाची मॅच. शेवटी मुलाने घसा साफ केला आणि अत्यंत अदबीने सुचवलं, "नाना, तुम्ही निवांत जाऊन या. फोन मात्र राहू द्या इथे."

नाना लग्नाला गेले नाहीत. भाचीला कारण गुडघ्याचं सांगितलं.